बीजदान करण्याआधी: बँक, ‘एजन्सी’ आणि कागदावरचं तुमचं नाव



आम्ही वस्त्यांमध्ये स्त्री-आरोग्याचं काम करतो. आमच्यात एक डॉक्टर आहेत, बाकीच्या आम्ही कार्यकर्त्या. आजचं बोलणं आम्ही सगळ्यांनी मिळून तयार केलंय, म्हणून ‘आम्ही’ म्हणूनच बोलतो.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. काही दिवसांपूर्वी कल्याणच्या पलीकडच्या एका वस्तीतली बाई आमच्याकडे आली. वय अठ्ठावीस, दोन मुलं, चार घरची धुणीभांडी. तिने मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, “ताई, हे जरा वाचा. एजन्सीच्या मॅडमनी पाठवलंय. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, एक दिवस दवाखाना, पैसे रोख. करू का?” थोडं थांबून पुढे म्हणाली, “माझं एकदा झालंय. म्हणून मॅडम म्हणतात, या वेळेला आधार कार्ड त्या दुसरं देतील.”

आजचं व्याख्यान या दोन वाक्यांवरच आहे. ‘एजन्सी’ म्हणजे नक्की कोण, आणि दुसरं आधार कार्ड घेतलं तर त्या बाईचं काय होतं. पण तिथपर्यंत जायला आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ, मग कायदा पाहू.

बीजदान म्हणजे काय

काही स्त्रियांच्या बीजकोशात स्त्रीबीजं तयारच होत नाहीत. कुणाची पाळी लवकर जाते, कुणाची कॅन्सरच्या उपचारात बीजकोशाची ताकद जाते, कुणाच्या बाबतीत वय झालेलं असतं. गर्भाशय मात्र ठीक असतं. अशा वेळी दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन प्रयोगशाळेत नवऱ्याच्या शुक्रजंतूंशी त्याचं फलन करतात आणि तयार झालेला गर्भ पत्नीच्या गर्भाशयात सोडतात. नऊ महिने ती वाढवते, बाळंतपण तिचंच होतं.

आपल्याकडे हे तंत्र नवं नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, ते डॉ. इंदिरा हिंदुजा यांचं काम. दान केलेल्या स्त्रीबीजापासून देशातलं पहिलं मूल जानेवारी १९९१ मध्ये जन्मलं, तेही त्यांच्याच हातून. म्हणजे तंत्र तीस वर्षांहून जुनं. त्यावरचा कायदा मात्र आला २०२१ मध्ये. मधली तीस वर्षं सगळं मार्गदर्शक सूचनांवर आणि ज्याच्या त्याच्या सचोटीवर चाललं. ‘एजन्सी’ हा शब्द रुळला तो याच काळात.

शरीरात काय होतं

दर महिन्याला बीजकोशात बऱ्याच बीजपुटिका वाढायला लागतात. त्यातली साधारण एक मोठी होते आणि फुटते, बाकीच्या आपोआप सुकून जातात. दानासाठी जी हार्मोनची इंजेक्शनं देतात ती या सुकणाऱ्या पुटिकांनाही वाढवतात. त्यामुळे “बीजं काढली की माझा साठा संपेल, पाळी लवकर जाईल” ही जी भीती बायका बोलून दाखवतात, तिला तसा आधार नाही. जी बीजं निघतात ती त्या महिन्यात वाया जाणारीच असतात.

पण याचा अर्थ “काहीच होत नाही” असाही नाही. एजन्सीवाले नेमकं हेच अर्धं सांगतात. क्रम असा असतो. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण नऊ ते बारा दिवस रोज पोटावर इंजेक्शन. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, तीही बहुतेक वेळा योनीमार्गातून. पुटिका पुरेशा मोठ्या झाल्या की शेवटचं एक इंजेक्शन, ज्याला ट्रिगर म्हणतात. त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजं ओढून घेतात. हे काम वीस-तीस मिनिटांचं. त्याच दिवशी घरी सोडतात.

आता धोके. पोट फुगणं, दुखणं, मळमळ हे बऱ्याच जणींना होतं आणि पाळी आली की ओसरतं. क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो. मोठा धोका म्हणजे बीजकोशांना अति सूज येणं. डॉक्टर याला ओएचएसएस म्हणतात. यात रक्तातलं पाणी झिरपून पोटात, कधी छातीत साठतं. लघवी कमी होते, दम लागतो, वजन दिवसाला किलोभर वाढतं, उलट्या थांबत नाहीत. असं तीव्र रूप कमी जणींमध्ये दिसतं, पण दिसलं तर रुग्णालयात भरती व्हावंच लागतं आणि उशीर जिवावर बेततो.

आणखी दोन गोष्टी वस्तीतल्या बायकांना कुणी सांगत नाही. एक, सुजलेला बीजकोश जड असतो आणि तो स्वतःभोवती पिरगळू शकतो. म्हणून पुढची पाळी येऊन सूज ओसरेपर्यंत जड उचलायचं नाही. पाण्याचा हंडा, विटांची पाटी, कपड्यांची ओली बादली, यातलं काही नाही. जिचं पोट याच कामावर आहे तिने हे दिवस हिशोबात धरायला हवेत. दुसरी गोष्ट, या महिन्यात नवऱ्याशी संबंध टाळायचे. सगळी बीजं निघतातच असं नाही, आणि राहिलेल्या बीजांतून नको असताना दिवस जाऊ शकतात.

कायदा काय म्हणतो

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. दान करणाऱ्या बाईच्या दृष्टीने त्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी आम्ही सरळ भाषेत सांगतो.

वय २३ ते ३५. त्याच्या आधी किंवा नंतर चालत नाही.

आयुष्यात एकदाच दान करता येतं. आणि त्या एका वेळी जास्तीत जास्त सात बीजं काढता येतात. ही मर्यादा बाईच्या बाजूने आहे. सातच काढायची असतील तर भरमसाट डोस देऊन वीस-पंचवीस पुटिका वाढवायचं कारण उरत नाही, आणि डोस बेताचा असला की सुजेचा धोकाही कमी होतो. म्हणून “आमच्याकडे खूप बीजं निघतात” असं कुणी अभिमानाने सांगत असेल, तर ते तुमच्या भल्याचं सांगत नाही.

एका स्त्रीची बीजं एकाच जोडप्याला देता येतात, वाटून पाच जणांना नाही.

दान करणाऱ्या स्त्रीचा बारा महिन्यांचा विमा काढणं बंधनकारक आहे. तो मूल हवं असलेल्या जोडप्याने काढायचा असतो, आणि बीजं काढल्यामुळे होणाऱ्या गुंतागुंतीचा खर्च त्यातून निघाला पाहिजे.

लेखी संमतीशिवाय काहीही करता येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस यांच्या तपासण्या होतात. नाव, पत्ता, आधार क्रमांक यांची नोंद ठेवली जाते, पण ती गोपनीय असते. जोडप्याला तुमचं नाव कळत नाही, तुम्हाला त्यांचं कळत नाही.

जन्मलेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच. दान करणाऱ्या स्त्रीचा त्यावर हक्क राहत नाही, आणि जबाबदारीही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. बीज दिलं होतं पत्नीच्या धाकट्या बहिणीने, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या, पुढे नवरा-बायको वेगळे झाले. नवऱ्याचं म्हणणं पडलं की बीज देणारी मेहुणीच जैविक आई, पत्नीचा मुलींवर हक्क नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. बीज दिल्याने आईपणाचा हक्क मिळत नाही असं सांगून आईला मुलींना भेटण्याची परवानगी दिली. जुन्या मार्गदर्शक सूचनांच्या काळातला तो करार होता, तरी उत्तर हेच आलं.

मग एजन्सी कुठे बसते

कायद्यात तीन जागा आहेत. मूल हवं असलेलं जोडपं किंवा स्त्री, उपचार करणारं क्लिनिक, आणि दाता शोधून तपासणारी, नोंद ठेवणारी बँक. ही बँक स्वतंत्र संस्था असावी लागते आणि तिची सरकारकडे नोंदणी लागते. ‘एजन्सी’ नावाची चौथी जागा कायद्यात नाही. उलट, दाता मिळवण्यासाठी मध्यस्थ वापरणं हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच ते दहा लाख रुपये दंड, पुन्हा केलं तर तीन ते आठ वर्षं कैद आणि दहा ते वीस लाख दंड.

आता व्यवहारात लोक नोंदणी झालेल्या बँकेलाही ‘एजन्सी’ म्हणतात, आणि गल्लीत फिरणाऱ्या मॅडमलाही ‘एजन्सी’च म्हणतात. बाईला फरक कळणार कसा? आम्ही सांगतो, बँकेला पत्ता असतो, दर्शनी भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्यावर क्रमांक आणि मुदत असते. ही नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून तारीख बघायची. नोंदणी झालेल्या बँकांची आणि क्लिनिकांची माहिती केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नोंदणी संकेतस्थळावर असते, ती घरातल्या कॉलेजच्या मुलीकडून बघून घ्यायची. मॅडमकडे यातलं काहीच नसतं. तिच्याकडे एक मोबाइल नंबर असतो, आणि ती रिक्षाने तुम्हाला नेते-आणते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलीही हे ऐकत असतील, म्हणून थोडंसं त्यांच्यासाठी. तिथे एजन्सी चालवणं कायदेशीर आहे, दात्याला उघड मोबदला मिळतो, भारतीय वंशाच्या दात्यांसाठी जाहिराती येतात. तिथल्या प्रजनन-वैद्यक संस्थेची शिफारस आयुष्यात सहा वेळांपेक्षा जास्त दान करू नये अशी आहे. तेव्हा तिथले अनुभव इंटरनेटवर वाचून इथले नियम गृहीत धरू नका, आणि इथले तिथे नेऊ नका.

दुसरं आधार कार्ड

आता त्या बाईकडे परत येतो. एकदाच दान करायचं, असा नियम. तिचं एकदा झालेलं. गरज मात्र संपलेली नाही. मॅडमचा धंदा इथेच चालतो, दुसऱ्या नावावर.

आम्ही तिला हो किंवा नाही असं काही सांगितलं नाही. कागद घेऊन बसलो. विचारलं, “विमा कुणाच्या नावावर निघेल?” म्हणाली, “त्या कार्डावरच्या.” संमतीवर सही? त्याच नावाची. नोंदणीत कोण जाईल? तीच. गेल्या वेळी तुला औषधांचा त्रास झाला होता, ते नव्या कागदावर येईल का? नाही, कारण नव्या कागदावरची बाई पहिल्यांदाच आलेली असेल. डॉक्टर डोस ठरवताना तेच धरून चालतील.

ती गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे मला काही झालं, तर कागदावर ते मला झालेलंच नसेल.”

इतक्या स्पष्ट शब्दांत आम्हालाही सांगता आलं नसतं. बनावट नाव घेतलं की कायद्याने दिलेलं सगळं संरक्षण कागदावरच्या त्या दुसऱ्या बाईला मिळतं. सुई मात्र हिच्या पोटात जाते. शिवाय खोटी ओळख वापरणं हा वेगळा गुन्हा, आणि मॅडम तेव्हा फोन उचलत नाही.

हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. २०१० मध्ये मुंबईत एका सतरा वर्षांच्या मुलीचा बीजं काढल्यानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. दीड वर्षात तिची ती तिसरी वेळ होती. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा कायदा नव्हता, असं म्हणता येईल. पण २०२२ मध्ये, कायदा आल्यानंतर, तामिळनाडूतल्या इरोडला सोळा वर्षांच्या मुलीचं प्रकरण उघड झालं. तिची आई, आईचा साथीदार आणि एक दलाल बाई मिळून तिला वेगवेगळ्या रुग्णालयांत नेत होते. वय वाढवून दाखवायला बनावट आधार कार्ड केलं होतं. दोन्हीकडे मुलगी अल्पवयीन, दोन्हीकडे वेळा मोजायला कुणी नाही. मोजणी चालते ती खऱ्या नावावर.

जाण्याआधी काय विचारायचं

आम्ही बायकांना सहा गोष्टी लिहून देतो. फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

१. बँकेचा आणि क्लिनिकचा नोंदणी क्रमांक काय? प्रमाणपत्र दाखवा.

२. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा. इंग्रजी कागदावर “इथे सही करा” म्हटलं तर उठून या. सही केलेल्याची प्रत मागा.

३. विम्याची पॉलिसी माझ्या नावावर, इंजेक्शनं सुरू होण्याआधी हातात हवी.

४. डोस ठरवणारे डॉक्टर कोण? ओएचएसएस टाळायला काय करणार?

५. रात्री दोन वाजता दम लागला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? कोणत्या रुग्णालयात जायचं?

६. मी आधी कधी बीजं दिली आहेत का, हे तुम्ही विचारणार आहात का? जे हा प्रश्न विचारत नाहीत त्यांच्याकडे जाऊ नका.

आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून जा. बऱ्याच जणी लपवून जातात. मग त्रास झाला की गोळी घेऊन पडून राहतात, आणि दवाखान्यात उशिरा पोचतात. पोचल्यावरही बीजं काढल्याचं सांगत नाहीत. तपासणाऱ्या डॉक्टरला ते सांगाच. त्यावर उपचाराची दिशा बदलते.

श्रोत्यांचे प्रश्न

*“बीजांची खरेदी-विक्री बंद आहे म्हणता. मग सगळ्यांना पैसे मिळतात, डॉक्टरांना, क्लिनिकला, बँकेला. बाईनेच तेवढं फुकट का द्यायचं?”*

हा प्रश्न रास्त आहे, आणि आम्हालाही पडतो. कायद्याने बीजांचा बाजार नको असं ठरवलं, त्यामागचा हेतू चांगला आहे. शरीराला भाव लागला की गरजू बाईच विकायला उभी राहते. पण दहा-बारा दिवसांचे खाडे, येण्याजाण्याचा खर्च, नंतरची विश्रांती यांची किंमत आहेच. ती मोकळेपणाने बोलली गेली नाही की पाकिटातून, मॅडमच्या हातून, निम्मी कापून येते. आमचं मत असं की वेळ आणि मजुरीची भरपाई उघड, ठरलेली आणि थेट बाईच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था व्हायला हवी. त्याने मध्यस्थाचं बळ कमी होईल. हे आमचं मत आहे, कायदा नाही.

*“माझ्या मुलीला मूल होत नाही. आम्ही दात्याकडून बीज घेणार आहोत. आम्ही काय करू शकतो?”*

तुमच्यासारख्यांच्या हातात बरंच आहे. विमा तुम्ही भरणार आहात, तेव्हा त्याला औपचारिकता समजून सर्वात स्वस्त पॉलिसी घेऊ नका. क्लिनिकला विचारा की दाता कोणत्या बँकेतून येते, तिची नोंदणी आहे का. “जास्त बीजं मिळतील का” असा आग्रह धरू नका. त्या बाईचं नाव तुम्हाला कधी कळणार नाही. तिची काळजी घेण्याची तुमची संधी एवढीच.

*“त्या बाईचं पुढे काय झालं?”*

ती गेली नाही. मॅडमला तिने नाही सांगितलं. मोठ्या मुलाची शाळेची फी भरायची होती, ती बचत गटातून कर्ज काढून भरली. हप्ते अजून चालू आहेत, आणि ती आम्हाला अधूनमधून ऐकवते, “ताई, तुमच्यामुळे कर्ज झालं.” ते खरं आहे. तिची अडचण आम्ही सोडवली नाही. तिला सगळं कळल्यावर तिने ठरवलं, एवढंच झालं.

जिला दान करायचंय तिने करावं. एखाद्या घरात मूल येतं, ही लहान गोष्ट नाही. फक्त स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, आणि विम्याचा कागद पिशवीत ठेवून जावं.